दुहेरी गाठीची मूठ

एका राज्यात, भाद्रपदाच्या उजळ पंधरवड्यात, राजवाड्यातलं घटिकापात्र सकाळची चौथी बुडी मारून तळाला टेकलं, आणि नेमक्या त्याच क्षणी साऱ्या भातखाचरांतलं दूध आटलं.

लोंब्या तेव्हा नुकत्या बाहेर पडल्या होत्या. कोवळा दाणा नखाने दाबला की दुधाचा थेंब यायचा, आणि तोच थेंब पुढे घट्ट होऊन तांदूळ व्हायचा. त्या सकाळी बायांनी दाणा दाबला, तर आत वारा. दुसरा दाबला, तर वारा. डोंगरापासून खाडीपर्यंत सगळं भात पोकळ झालं, नुसतं टरफल उरलं. भाराने वाकायच्या त्या लोंब्या शिपायासारख्या ताठ उभ्या राहिल्या.

राजा मेघवर्ण भला माणूस होता. पंगतीतल्या शेवटच्या पानावर भात पडल्याशिवाय आपल्या पानाला हात लावत नसे. त्याने राजज्योतिषी बोलावले.

ज्योतिषी म्हणाले, "महाराज, दूध आटलं नाही, कोणी ओढून नेलं आहे. वरच्या काळ्या कातळावर कातळ्या मायावी राहतो. त्याच्या कुंडात ते साठलं आहे."

राजाने सैन्य धाडलं. सैन्य गेलं तसं परत आलं.

सेनापती म्हणाला, "महाराज, मायाव्यापाशी भाताच्या रोपांची बांधलेली एक हिरवी मूठ आहे. तिची गाठ सुटेल तर दूध सुटेल. आम्ही गाठीवर तलवार चालवली, तलवार बोथट झाली. जिने ती बांधली तिच्याच दोन हातांनी ती सुटेल, असं मायावी म्हणतो."

"कोणी बांधली?"

"ठाऊक नाही. पण गाठ दुहेरी आहे."

गाठ दुहेरी आहे, हे दवंडीवाल्याने गावोगाव ओरडून सांगितलं, आणि डोंगराखालच्या एका घरात आवडीच्या हातून पळी खाली पडली.

आवडी तरणी होती. तिचा धनी राजाच्या होड्यांबरोबर परमुलखातून धान्य आणायला गेला होता. घरात ती आणि तिची सहा महिन्यांची लेक, एवढीच माणसं. लेकीचं नाव तिने दगडी ठेवलं होतं, चांगलं नाव ठेवलं तर कोणाची दृष्ट लागेल म्हणून. दगडी शिंकली की आवडी दृष्ट काढी, आणि दिवसभर शिंकली नाही तरी काढी. पोर झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरून बघे, श्वास चालला आहे ना. कुंचीची नाडी असो, पायातला काळा दोरा असो, आवडी सगळ्याला दुहेरी गाठ मारी. एकेरी गाठीवर तिचा विश्वास नव्हता.

आणि रोपांचंही तसंच. लावणीच्या दिवसांत तरव्याच्या वाफ्यातली रोपं उपटून त्यांच्या मुठी बांधतात, एका काडीचा एकच वेढा देऊन. लावणाऱ्या बाईने अंगठा मारला की मूठ सुटली पाहिजे. आवडी मात्र दोन वेढे देई आणि वर गाठ मारी.

बायांची पुढारीण भिकूआत्या म्हणाली होती, "अगं आवडे, रोपांना काय कुंची घालतेस?"

"वाटेत सुटली तर, आत्या?"

"सुटली तर सुटली! सुटायलाच बांधलीय ना, बये?"

सगळ्या बाया हसल्या होत्या. शेवटच्या दिवशी शेवटची मूठ कोणाच्याच अंगठ्याने सुटेना. भिकूआत्याने ती बांधावर टाकली आणि म्हणाली, "ही आवडीची. ती सोडेल." तेवढ्यात दगडी रडली, आवडी पोरीकडे धावली, आणि मूठ बांधावरच राहिली. त्या राज्याची रीत अशी होती, की लावणी संपल्यावर बांध फिरून बघायचे आणि एकही मूठ बांधलेली ठेवायची नाही. बांधलेली मूठ ज्याच्या हाती लागेल त्याच्या हाती त्या सालचं दूध. त्या दिवशी बांध कोणी फिरलं नाही. आवडी फिरेल असं बायांना वाटलं, आणि बाया फिरतील असं आवडीला.

आता ज्या घटकेला खाचरातलं दूध आटलं, त्याच घटकेपासून आवडीचा पान्हाही आटत चालला होता. दगडी ओढून ओढून थके आणि रागाने लाल होई. नवा तांदूळ निघाला की तिचं उष्टावण करायचं, मऊ पेज चाटवायची, असं ठरलं होतं. जुन्या तांदळाचं मडकं तर केव्हाच पालथं पडलं होतं.

आवडीने लेकीला कडेवर घेतलं आणि निघाली.

भिकूआत्या आडवी आली. "पोरीला माझ्यापाशी ठेव."

"नको, आत्या. तुम्हाला बसल्या बसल्या डुलकी लागते."

"चार पोरं वाढवली मी!"

"डुलक्या घेतच ना?"

भिकूआत्या हसली. तिने पदराने डोळे पुसले आणि वाट सोडली.

गावाच्या शिवेवर एका पायावर एक बगळा उभा होता. तो म्हणाला, "बाई, कातळावर निघालीस. वाट मला ठाऊक आहे."

"तुमचं काय अडलंय, दादा?"

"नांगरामागे चालून किडे टिपणारं आमचं घराणं. भात नाही तर नांगर नाही, नांगर नाही तर आम्ही नाही. शिवाय तू मला दादा म्हणालीस. आजवर मला कोणी असं म्हटलं नव्हतं."

बगळा पुढे, आवडी मागे. डोंगराच्या पायथ्याशी पहिली अडचण आली. वाटेवर एक बुजगावणं दोन्ही हात पसरून उभं होतं. त्याचं डोकं मडक्याचं, डोळे चुन्याचे.

बुजगावणं म्हणालं, "कोणाला सोडायचं नाही अशी आज्ञा आहे. मला झोप लागली तरच वाट मोकळी. पण मला पापण्या नाहीत."

आवडीने पदराचं टोक त्याच्या मडक्यावरून पुढे ओढलं. चुन्याचे डोळे झाकले गेले. मग ती दगडीला थोपटताना म्हणे तेच म्हणाली,

"नीज ग माझ्या साळी,
चिमण्या गेल्या माळी,
बांधावरती बसून राही
आई तुझी काळी."

बुजगावणं जांभई देत म्हणालं, "पोर माझ्या खांद्यावर दे, हात मोकळे कर, नीट थोपट."

"बुवा, तुमचे हात काठीचे. रुततील तिला."

ती एकाच हाताने थोपटत राहिली. बुजगावणं उभ्या उभ्या घोरायला लागलं, आणि दगडी टक्क जागी.

दुसरी अडचण अर्ध्या चढावर. तिथे एक जुना बांध होता. बैलाएवढ्या खेकड्याने त्याला भोक पाडलं होतं, आणि त्यातून येणाऱ्या पाण्याच्या लोंढ्याने वाट तुटली होती.

खेकडा म्हणाला, "भोक मी पाडलं खरं, पण आता माझंच घर वाहून चाललंय. बुजवशील तर पलीकडे सोडतो. पोर बांधावर ठेव आणि दोन्ही हात लाव."

"आधी तुमच्या नांग्या बघा, खेकडोबा, आणि मग सांगा."

खेकड्याने नांग्या पाहिल्या आणि लाजून मागे लपवल्या. आवडीने गवताचा बोळा करून पायाने भोकात सारला, वर चिखलाचा गोळा बसवला आणि टाचेने ठासला. लहानपणापासून बांधांची भोकं अशीच बुजवत आली होती ती. पाणी थांबलं, वाट जुळली.

बगळा म्हणाला, "दोन झाली. तिसऱ्या ठिकाणी मात्र एका हाताने भागायचं नाही."

"ठाऊक आहे, दादा," आवडी म्हणाली, आणि तिने लेकीला आणखी घट्ट धरलं.

डोंगरमाथ्यावर काळा कातळ पसरला होता. गवताची काडी नाही, मुंगी नाही. मधोमध एक कुंड, त्यात साऱ्या राज्याचं दूध, पांढरंशुभ्र. काठावर कातळ्या मायावी बसला होता. आवडीला वाटलं होतं तो राक्षसासारखा असेल. तो तर वाळल्या शेंगेसारखा होता. ऊन लागून दूध आटू नये म्हणून त्याने दोन्ही तळहात कुंडावर धरले होते. त्या तळहातांची सावली ढगाएवढी पडत होती.

आवडी म्हणाली, "बाबा, माझी मूठ द्या."

"घे. तुझ्या पायाशीच आहे."

खरंच होती. लावणीच्या दिवशी होती तशीच हिरवी, तशीच दुहेरी गाठीची.

"पण ऐक, बाई. एका हाताने ती सुटायची नाही. आणि माझ्या कातळावर श्वास घेणारा जो जो जीव खाली टेकेल तो दगड होतो. सैन्यातला एक घोडा गुडघे टेकून बसला, तो बघ."

घोडा होता. काळा, घोटीव, कान टवकारलेला. पायांवर उभ्या असलेल्याला तिथे भय नव्हतं, टेकणाऱ्याला होतं; मायाव्याला तेवढा आपला कातळ बाधत नसे. बगळा चटकन उडाला आणि हवेतच घिरट्या घालू लागला.

आवडीने एका हाताने गाठ सोडून पाहिली. दातांनी ओढून पाहिली. गाठ हलेना. तिचीच ती मेली गाठ! दगडी भुकेने कुरकुरली, मग रडली, मग रडायचंही थांबली आणि आईच्या खांद्यावर डोकं टाकून पडली. पोर रडायची थांबली तशी आवडीने तिच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं.

तिने मायाव्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही स्वतः दूध पिता का हे?"

"छे! कमी होईल ना."

"झोपता का?"

"झोपलो तर हात खाली येतील. ऊन लागेल."

"किती सांडलं आजवर?"

"एक थेंब नाही," मायावी म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात अभिमान आला.

आवडीने कुंडावरचे ते न हलणारे दोन्ही हात पाहिले. मग ती पुढे गेली आणि म्हणाली, "धरा."

तिने दगडीला मायाव्याच्या हातांत दिलं. भिकूआत्याला दिली नाही, बुजगावण्याला दिली नाही, ती लेक तिने मायाव्याला दिली.

मायावी दचकला. कुंडावरचे दोन्ही हात आपसूक वळले आणि त्यांनी पोर धरली. एक हात मानेखाली, एक पाठीखाली, कोणी शिकवल्यासारखे.

आवडी गाठीशी बसली नाही, ओणवी झाली, लावणीत होते तशी. दहाही बोटं तिने गाठीला लावली.

मायावी ओरडला, "थांब! मी मंत्र टाकीन!"

मंत्र टाकायला बोटं लागतात, आणि बोटं पोरीखाली गुंतलेली. पोर खाली ठेवली असती तर हात मोकळे झाले असते. पण ठेवली असती तर ती दगड झाली असती. मायाव्याने कातळाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. दगडीने डोळे उघडले, त्याची दाढी मुठीत धरली आणि दोन इवल्या दातांनी हसली. मायाव्याने पोर छातीशी घेतली.

"सावकाश सोड, बाई," तो पुटपुटला. "हिला मी पाडणार नाही."

पहिला वेढा सुटला. दुसरा सुटला. मूठ आवडीच्या हातांत उमलली.

कुंड काठोकाठ उसळलं. दूध कातळावरून निघालं, डोंगर उतरलं, बांधाबांधांतून खाचरांत शिरलं. लोंब्या एकेक करून वाकायला लागल्या, साऱ्या राज्यात, थेट खाडीपर्यंत. कातळाला हिरवी लव फुटली. घोड्याने कान हलवले, उठून उभा राहिला आणि शिंकला. आवडीला पान्हा फुटला. मायाव्याने पोर तिच्या हवाली केली, आणि रित्या हातांकडे बघत उभा राहिला.

"बाबा, खाली चला," आवडी म्हणाली. "पेज शिजेल आता."

आवडीने ती मूठ आपल्या खाचराच्या रिकाम्या कोपऱ्यात लावली. ती लावता लावताच पिकली. त्याच तांदळाची पेज केली आणि दगडीचं उष्टावण ठरलं. उष्टावण मामाने करायचं, आणि आवडीला भाऊ नव्हता. बगळा पुढे आला. त्याने चोचीच्या टोकावर एकच शीत घेतलं आणि इतक्या नाजूकपणे पोरीच्या ओठांवर ठेवलं, की भिकूआत्या म्हणाली, "मामा असावा तर असा." बगळा लाजून दोन्ही पायांवर उभा राहिला.

राजा मेघवर्ण उष्टावणाच्या पंगतीला आला. शेवटचं पान मायाव्याचं होतं. त्याला भात वाढेपर्यंत राजा थांबला. मग म्हणाला, "आवडी, माग. देईन."

"महाराज, लावणीच्या दिवसांत बांधावर पोरं धरायला कोणी तरी द्या. बायांचे दोन्ही हात मोकळे होऊ देत."

राजा म्हणाला, "दिलं. पण असं माणूस कोण, ज्याच्या हातून पोर पडणार नाही?"

पंगतीच्या शेवटी एक वाळकी मान वर झाली.

तेव्हापासून त्या राज्यात लावणी लागली की मायावी बांधावर येऊन बसतो. त्याच्या तळहातांची ढगाएवढी सावली पडते, आणि त्या सावलीत गावची सगळी पोरं निजतात. आवडी खाचरातून दर घटकेला मान वर करून बघते खरी. पण बघते आणि पुन्हा लावायला लागते.

तर ऐकणाऱ्यांनो, लावणीला निघालेली कोणी बाई वाटेत भेटली, तर तिला एवढं सांगा. मुठीला एकच वेढा दे. उजेड आहे तोवर बांध फिरून बघ. आणि कडेवरचं पोर जड झालं तर हाक मार, कोणी तरी धरेल. तिला सांगा, आणि पुढच्या बाईला सांगायला सांगा.