एका बटणाची कॉफी

एका गावात एक पंच राहत असे. बांधाचा वाद असो की सासूसुनेचा, निवाडा त्याच्याच ओसरीवर व्हायचा. माणूस शहाणा होता, यात शंका नाही. फक्त ‘मला येत नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते.

त्याची बायको रोज सकाळी दुधाची कॉफी करायची, वरून जायफळ किसून. दोघं ओसरीवर बसून ती प्यायची. पुढे संधिवाताने तिची बोटं आखडली आणि पातेलं उचलेनासं झालं. पंचाला तर घरात साखरेचा डबा कुठे असतो हेही ठाऊक नव्हतं.

“राहू द्या,” बायको म्हणाली, “मला हल्ली कॉफी नकोशीच वाटते.”

खोटी साक्ष पंचाला लगेच ओळखू यायची. त्याला फार वाईट वाटलं. तो तडक बाजारगावी, कॉफीच्या यंत्रांच्या दुकानात गेला.

“काका, घरात कॉफी कोण करणार?” दुकानदारीणबाईंनी विचारलं.

“मीच.”

“यापूर्वी कधी केलीय?”

इथे तो खरं बोलला असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण दुकानात गावातले दोघे उभे होते.

“म्हणजे काय, नेहमीच करतो,” पंच म्हणाला.

बाईंनी मग जाणकारांचं यंत्र काढलं. त्याला काटे होते, चाव्या होत्या, वाफेची लांब नळी होती. शेजारी एका बटणाचं साधं यंत्र होतं. “हे आपोआप करतं सगळं. नवशिक्यांना बरं पडतं,” बाई म्हणाल्या. पंचाने तिकडे मानही वळवली नाही.

नव्या वस्तूला हळदकुंकू लावायचं आणि पहिला घोट शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायचा, अशी त्या गावाची रीत. ओसरी माणसांनी भरली. एवढ्या लोकांसमोर माहितीपत्रक कसं उघडणार? पंचाने डोकं चालवलं. कॉफी म्हणजे दूध, साखर, जायफळ. त्याने यंत्राच्या पाण्याच्या टाकीत दूध ओतलं, साखर टाकली, अख्खं जायफळ सोडलं आणि हाताला लागेल ती चावी फिरवली. यंत्र कण्हलं, करपलेल्या दुधाचा वास सुटला आणि नळी तुंबली.

“यंत्रच फसवं निघालं,” लोक म्हणाले. पंचाची चूक पंचाला कोण सांगणार? त्यानेही मान डोलावली.

बायकोने मात्र सगळं ओळखलं. नवऱ्याला पुन्हा त्या यंत्राशी झगडून मान खाली घालावी लागू नये म्हणून दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत तिने स्वतःच दूध तापवायला ठेवलं. उतरवताना पातेलं निसटलं आणि उकळतं दूध तिच्या पायावर सांडलं.

पंचाने तिच्या पायाला औषध लावलं. तेव्हा त्याला रडू आलं. आजवर इतरांचे निवाडे करणाऱ्याने त्या दिवशी स्वतःचा केला.

तो पुन्हा दुकानात गेला. आजही गिऱ्हाइकं होती, त्यात गावचेही होते.

“यंत्र खराब निघालं का, काका?” बाईंनी विचारलं.

“यंत्र चांगलंय. मला कॉफी करता येत नाही. कधीच येत नव्हती.”

कुणी हसलं नाही. बाईंनी एका बटणाचं यंत्र पुढे ओढलं. पाणी कुठे, दूध कुठे, कॉफीच्या बिया कुठे, धुवायचं कसं, ते पंचाने एकेक करून विचारलं. “पाणी साधंच ना?” हेसुद्धा विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बटण दाबलं आणि पेला भरून बायकोच्या पुढे धरला. तिने दोन्ही तळव्यांत तो धरून घोट घेतला.

“छान झालीय,” ती म्हणाली. मग पेल्यात डोकावून, “जायफळ?”

“ते यंत्र घालत नाही.”

“मग?”

“मला किसता येत नाही,” पंच म्हणाला. “तू शिकव.”

बायको हसली. किसणी कुठे ठेवलीय ते तिने सांगितलं, आणि आपली वाकडी बोटं त्याच्या हातावर ठेवून जायफळ कसं धरायचं ते दाखवलं.

तात्पर्य: नवशिक्याने नवशिक्याचंच यंत्र घ्यावं. ‘मला येत नाही’ म्हणायची लाज आपण बाळगतो, पण तिचा चटका बसतो आपल्या माणसाला.