पटावरचा पिवळा डाग

जे बरे होणार नाहीत अशांचेच वैद्य म्हणून पंचक्रोशीत ओळखले जाणारे एक वृद्ध गुरुजी एकदा आपल्या शिष्यासह डोंगरपायथ्याच्या वस्तीवर आले. शिष्य थकला होता. नुसता चालून नव्हे, तर तेच ते घरोघर सांगून त्याचा जीव विटला होता. म्हणूनच त्याने चार महिने खपून मांजरपाटावर चित्रांचे पट रंगवले होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी कशी बदलावी, पाठीला उशीचा टेकू कसा द्यावा, कोरडे ओठ ओल्या बोळ्याने कसे पुसावेत, हे सगळे अक्षर न येणाऱ्यालाही कळावे असे त्याने काढले होते.

या वस्तीवर साळू नावाची एक सून आपल्या आजारी सासूचे सारे एकटीने करत असे. मागच्या फेरीत शिष्याने तिला पट देऊन महिना झाला होता. शिष्याने म्हातारीला हळूच कुशीवर वळवले आणि त्याचा चेहरा उतरला. सतत उताणे पडून तिच्या कंबरेखाली तळहाताएवढी जखम झाली होती.

"पट कुठे आहे?" त्याने विचारले.

साळूने देव्हाऱ्याकडे बोट केले. पट तिथे उंच खुंटीला टांगलेला होता. त्याच्यापुढे हळदकुंकू वाहिले होते, वर झेंडूची माळ होती. कुठे सुरकुती नाही की डाग नाही.

"अगं, तो काय पुजायला दिला होता?" शिष्य ओरडलाच.

साळू खाली बघत म्हणाली, "चुकलं दादा. पर ह्ये घाणीतलं हात. त्या चांगल्या वस्तूला कसं लावू?"

शिष्याने झोळीतले उरलेले पट गुरुजींपुढे ठेवले. "गुरुजी, मला आता मोकळे करा. माझ्याच्याने हे होत नाही."

गुरुजींनी कोमट पाणी मागितले. तिघांनी मिळून जखम धुतली, पट्टी बांधली. म्हातारीचे कण्हणे थोडे कमी झाले. मग गुरुजी म्हणाले, "पोरी, भूक लागली आहे. असेल ते वाढ." आणि त्यांनी पट खुंटीवरून काढून जमिनीवर अंथरला, त्यावरच ताटली ठेवायला लावली. पातळ पिठले काठावरून ओघळले. गुरुजींनी ते पुसले नाही, उलट अंगठ्याने चित्रावर पसरवले.

"गुरुजी! चार महिने लागलेत मला!"

"पट देताना तू हिला काय सांगितले होतेस?"

शिष्याला आपले शब्द आठवले. 'फार मेहनतीचा आहे. जपून ठेव. मळवू नकोस.' त्याला लाज वाटली.

"तिने तुझे तंतोतंत ऐकले," गुरुजी म्हणाले. "रुग्णाच्या घरी पू असतो, तेल असते, डोळे पुसून ओले झालेले हात असतात. तिथे जे मळू शकत नाही, ते तिथल्या कामाचे नाही. तू हिला ज्ञान दिलेस, पण हात लावायची मुभा दिली नाहीस."

साळू पटाजवळ उकिडवी बसली होती. जरा वेळाने तिने त्या पिवळ्या डागाशेजारी बोट टेकले. "दादा, हितं दोन उश्या दावल्यात. आमच्यात एकच हाय."

"गोधडीची गुंडाळी चालेल," शिष्य म्हणाला. महिनाभरात तिने विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

गुरुजींनी साळूला थोडे आडवे व्हायला सांगितले. म्हातारीची पुढची कूस शिष्याने बदलली, गोधडीची गुंडाळी लावून. म्हातारी वाचणार नव्हती, हे त्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होते. पण तिचा डोळा लागला, आणि साळूचाही.

पुढच्या घरी शिष्याने झोळीतून नवा पट बाहेर काढला, चुलीच्या काजळीत बोट बुडवून त्याच्या मधोमध एक ठिपका दिला, आणि मगच तो त्या घरच्या बाईच्या हाती ठेवला.

आपण दिलेल्या शिकवणीवर डाग पडलेले दिसले, तर वाईट वाटून घेऊ नये.