स्तूपाएवढं जुनं, सकाळचं ताजं

"पौर्णिमेच्या आत पाखरवाडी उठलीच पाहिजे!" राजा दिनकरसेनाने हुकूम सोडला आणि टेकडीखालच्या साऱ्या गावात एकच कल्लोळ उडाला.

टेकडीवर फार प्राचीन स्तूप होता. दूरदूरचे बौद्ध यात्रेकरू तिथे दर्शनाला येत. सात देशांची मिळून एक सभा होती. ती जगातली मोलाची ठिकाणं निवडी आणि त्यांचा मान सातही देशांत दवंडी पिटून जाहीर करी. शेजारच्या राजाच्या लेण्यांना तो मान मिळाला, तेव्हापासून दिनकरसेनाला जेवण गोड लागेना. त्याने सभेला इतक्या विनवण्या केल्या की शेवटी सभेने निरोप धाडला, "आमचे वृद्ध भिक्खू, भन्ते सुमेध, जागा पाहायला येतील. ती मुळात होती तशी हवी. मध्येच उगवलेलं काही नको."

"मध्येच उगवलेलं म्हणजे काय हो?" राजाने विचारलं.

प्रधानाने खिडकीतून खाली पाहिलं. पाखरवाडीत बायका गोवऱ्या थापत होत्या.

"ते," प्रधान म्हणाला. झालं!

गाव दरबारात गोळा झालं. पाटील हात जोडून पुढे झाले. तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला.

"महाराज, आत्ता कुठे माप ओलांडून घरात आले. मिठाचा डबा कुठल्या फळीवर असतो तेही अजून ध्यानात बसलं नाही. एवढ्यात पुन्हा बोचकं बांधायचं?"

सगळे वळले. ती राही होती, गावातली सर्वांत नवी सून. सासरी ती अजून "हो" आणि "वाढू का" एवढंच बोलत असे. तिच्या सासूला तर, मुकी मुलगी पदरात पडली की काय, अशी शंका येऊ लागली होती.

"स्तूप जुना आहे, मुली. तुमचं गाव नवं!" राजा गुरकावला.

"गावही तेवढंच जुनं, महाराज. नाहीतर स्तूप बांधणारे दिवस मावळल्यावर झोपायला कुठे जात होते?"

दरबारात खसखस पिकली. राजाच्या मिशा थरथरल्या.

"जीभ बरीच चालते की! मग पुरावा दे! भन्ते येतील त्या सकाळी तुझ्या घरातली एक वस्तू आण, स्तूपाएवढी जुनी. दगडधोंडा चालणार नाही, उकरून काढलेलं खापर चालणार नाही. आणि पाहुण्यांपुढे कुबट, जुनाट काही ठेवायचं नाही. वस्तू त्याच सकाळची ताजी हवी! आणलीस तर गाव राहील. नाही आणलीस तर बोचकं!"

घराच्या उंबरठ्याच्या आत येताच सासूचा बांध फुटला. "आजवर तोंड उघडलं नाहीस, आणि उघडलंस ते थेट राजापुढे!"

"चुकलं, आत्याबाई."

"आता उभी काय राहतेस? दूध कोमट झालंय, विरजण घाल. आणि झाकण नीट ठेव. आपलं बिघडलं तर शेजारी हात पसरावा लागेल."

राहीने दुधात चमचाभर दही घातलं. तिचा हात तिथेच थांबला.

"आत्याबाई, हे विरजण आपल्याकडे आलं कुठून?"

"माझ्या सासूकडून. तिला तिच्या सासूने दिलं. या गावात सून आली की आधी तिच्या हातावर विरजण ठेवतात. तुझ्या नाही का ठेवलं? म्हणतात, स्तूपाच्या गवंड्यांना दहीभात वाढायचे, त्या दह्याचं आहे. म्हणून तर यात्रेकरूंना अजून ताक देतो आपण... आणि हसायला काय झालं गं?"

ठरल्या सकाळी भन्ते आले. राजाने टेकडीखाली मंडप घातला होता. राहीने पदराखालचं वाडगं पुढे ठेवलं आणि झाकण काढलं.

"दही?" राजा ओरडला. "हे तर काल संध्याकाळी लावलंय!"

"हो महाराज, आज सकाळी लागलं. ताजं आहे. पण हे लागलं कालच्या दह्याने. कालचं परवाच्या. परवाचं त्याच्या आदल्या दिवशीच्या. असं मागे मागे जा, थेट स्तूपाच्या गवंड्यांच्या पानात पोचाल!"

"काहीतरीच!" प्रधान उसळला. "मध्ये कधीतरी तुटलं असेल."

"एका घरचं बिघडलं तर शेजारून आणतात. सगळ्या गावाचं एकदम कसं बिघडेल?"

"पण तुटलं नाही, हे कोणी पाहिलंय?"

राहीने पदर सावरला. "प्रधानजी, महाराज सूर्यवंशी ना?"

"म्हणजे काय! साक्षात सूर्यापासून!"

"सूर्यापासून महाराजांपर्यंत मध्ये कुठे तुटलं नाही, हे कोणी पाहिलंय?"

प्रधानाने राजाकडे पाहिलं. राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाला एकदम खोकला आला.

"त्यात पाहायचं काय?" राजा म्हणाला. "बापाकडून मुलाला, त्याच्याकडून त्याच्या मुलाला, असाच चालत येतो वंश!"

"आमच्याकडे सासूकडून सुनेला," राही म्हणाली. "महाराज सूर्याएवढे जुने, तरी कसे ताजेतवाने दिसतात! आमचं दहीही तसंच."

आधी भन्ते हसले. हसता हसता त्यांनी घासभर दही चाखलं. "महाराज, मुळात होतं तसं हवं, असं आम्ही म्हटलं होतं. ते इथे सापडलं! मान देतो, पण एकट्या टेकडीला नाही. टेकडी आणि पाखरवाडी, दोघींना मिळून. गाव हललं तर मानही गेला!"

मग राजाला हसू फुटलं. इतकं, की पगडी कानावर आली. "हरलो बाई! गाव राहील! यात्रेकरूंच्या ताकासाठी माझ्या गोठ्यातल्या दुभत्या म्हशी पाखरवाडीला! आणि हा कंठा तुला!"

हसत हसत त्याने वाडगं जवळ ओढलं. एक घास, दुसरा घास, बोटाने कड पुसू लागला.

"अहो महाराज!" राही घाबरून ओरडली. "तळाला चमचाभर ठेवा! संध्याकाळी विरजायचंय!"