हातभर कापड

कर्णगडच्या राज्यात एका साली जोंधळा दुप्पट महागला. मोळ्या विकणाऱ्या सगुणेची पोरं नुसत्या अंबाडीच्या पाल्यावर दिवस काढत होती. शेवटी ती नवऱ्याला, भिवाला घेऊन दरबारात गेली. “महाराज, सरकारी कोठार उघडा. जुन्या भावाने दाणे द्या.”

प्रधान पोटावरून हात फिरवत म्हणाला, “भाव सगळ्यांनाच सारखा वाढलाय, बाई. मलाही तोच पडतो. मी रडतो का?”

सगुणेच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिने आवाज चढू दिला नाही.

“खरं आहे, प्रधानजी. मग इथल्या प्रत्येकाच्या अंगावरचं हातभर कापड फाडू या. सगळ्यांचं सारखंच.”

राजाला गंमत वाटली. त्याने मान डोलावली. प्रधानाने हसत हसत पागोट्याचं टोक फाडून दिलं. पागोटं होतं तसंच दिसत होतं.

मग सगुणेने भिवाला पुढे ओढलं. त्याच्या अंगावर लंगोटीशिवाय काही नव्हतं.

“आता ह्याचं फाडा.”

सगळ्या दरबाराच्या माना खाली गेल्या. “थांबा!” राजा ओरडला.

“का थांबायचं, महाराज?” सगुणा कडाडली. “कापड तर हातभरच आहे!”

राजाने तिथल्या तिथे प्रधानाकडून कोठाराच्या किल्ल्या काढून घेतल्या. त्या संध्याकाळी सगुणेच्या तव्यावर भाकरी फुगली.