गोगलगायबाईंची गाडी

तुमच्या बाई कधी शाळेत उशिरा आल्या आहेत का? फार पूर्वी भातशेतातल्या एका शाळेत गोगलगायबाई रोजच उशिरा यायच्या. शेवटी मुख्याध्यापक बेडूक म्हणाले, "बाई, आता एकदा जरी उशीर झाला, तरी तुमचा वर्ग मुंगीबाईंना देईन."

म्हणून बाई गाडी घ्यायला निघाल्या. उंदीरमामाकडे पेट्रोलची गाडी होती आणि सरड्याकडे विजेची.

"विजेची घेऊ नका हं, अर्ध्या वाटेत बंद पडते," उंदीरमामा कुजबुजला. पण त्याचा स्वतःचा पेट्रोलपंप होता. तो दुसरं काय सांगणार? सरडा म्हणाला, "एका चार्जिंगमध्ये शंभर शेतं जाते." बोलता बोलता त्याचा रंग बदलला. बाईंना तोही खरा वाटेना.

"हिचा आवाज का येत नाही?" विजेची गाडी सुरू करून बाईंनी विचारलं.

"आवाज नसतोच, बाई."

"असं? मग चल माझ्याबरोबर. बंद पडली तर तू ढकलायची."

बाईंनी शाळेपर्यंत दहा फेऱ्या मारल्या. प्रत्येक बांधावर थांबून त्या विचारायच्या, "संपलं का चार्जिंग?" सरडा भुकेने पिवळा पडला, तरी गाडी चालतच होती.

"बाई, तुम्हाला रोज जायचंय तरी किती?" तो रडवेला होऊन म्हणाला.

"तीन शेतं जायला, तीन यायला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गाडी थांबवली. हे त्यांनी स्वतःला विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई विजेच्या गाडीतून शाळेत इतक्या लवकर पोहोचल्या, की वर्गात एकही मूल आलेलं नव्हतं.