आठ दिवसांचा काढा

एकदा एक गुळाचा व्यापारी एका वृद्ध वैद्यांच्या दारी आला, तो दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. डोळे पिवळेजर्द, पावले सुजलेली, दोन दिवसांपासून लघवी जवळजवळ बंद. वैद्यांचा शिष्य लगबगीने फडताळाशी जाऊन उभा राहिला. गुरुजी आता कोणती बरणी मागतात, एवढीच त्याला उत्सुकता. गुरुजींनी डोळे पाहिले, पावलांवरची सूज दाबून पाहिली आणि म्हणाले, "गाडी बोलाव. शेठजींना शहरातल्या इस्पितळात न्यायचंय. मीही येतो."

शिष्य चक्रावलाच. साठ वर्षांची वैद्यकी, आणि हातचा रोगी दुसऱ्याच्या स्वाधीन करायचा? वाटभर हाच भुंगा त्याचे डोके पोखरत होता. गुरुजी मात्र गेल्या काही महिन्यांत पोटात काय काय गेले, ते शेठजींना बारकाईने विचारत होते.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारले, "कोणतं औषध चालू होतं?"

"छे हो, औषध कसलं! काही नाही," व्यापारी क्षीण आवाजात म्हणाला.

"होतं," गुरुजी म्हणाले. "माझ्या घरचा कडू काढा. चार महिने." आणि त्यांनी त्यातल्या एकेका पाल्याचे नाव सांगितले.

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. गुरुजींनी तापावर काढा दिला होता तो आठच दिवसांचा. पुढे 'अंग हलकं वाटतं' म्हणून शेठजी मागत राहिले आणि शिष्य देत राहिला. झाडपाल्याने कुणाचे काय बिघडते, असेच तो धरून चालला होता. मग गुरुजींनी हे आपल्या माथी का घ्यावे? बाहेर येताच त्याने विचारले, "गुरुजी, शेठजी खोटं बोलले, आणि आपणही?"

"ते खोटं नाही बोलले रे. काढ्याला ते औषध मानतच नाहीत. तूही मानत नाहीस. ज्या पाल्यात ताप उतरवण्याचं बळ आहे, त्यात यकृत आणि मूत्रपिंडं दुखावण्याचंही बळ असू शकतं. काढा द्यावा कसा हे मी तुला शिकवलं, थांबवावा केव्हा हे शिकवायचं राहिलं. म्हणून दोष माझाच. पण बाईंना अजून सगळं कळलेलं नाही."

"काय राहिलं?"

"ते मला कुठे ठाऊक आहे?"

शिष्य गोंधळून त्यांच्याकडे पाहतच राहिला. मग त्याचा चेहरा उतरला. तो आत गेला.

"बाई, आठ दिवस गुरुजींचे. पुढचे सगळे माझे. आणि लवकर गुण यावा म्हणून मी पाला दुप्पट घालत होतो."

डॉक्टरीणबाईंनी स्टूल पुढे सरकवले. "बैस. पहिल्या दिवसापासून सांग."