पावसाने न धुतलेला माग

घाटाखालच्या आंबेदरा गावी आवजीनाथ महाराजांचा मुक्काम चौदा वर्षे होता. देवराईच्या कडेला एक पडवी, एक कमंडलू आणि येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी गूळ-पाणी, एवढाच त्यांचा संसार. त्या काळातली ही हकिकत मी तिघांकडून ऐकली. तिघांच्या सांगण्यात थोडा फरक आहे, आणि खरे कोणते हे ठरवण्याइतकी माझी योग्यता नाही. म्हणून जेवढे तिघांनीही सांगितले तेवढेच लिहितो.

बाळकू गावडा हा महाराजांचा साधा भक्त. आश्विनात नाचणी कणसावर आली की ठासणीची जुनी बंदूक घेऊन तो राखणीला बसे. एके दिवशी उजाडताना एक सांबर शेतात शिरले. बाळकूने बार काढला. गोळी मागच्या मांडीत बसली. सांबर कोलमडले, उठले आणि लंगडत रानात गेले.

बाळकू मागोमाग निघाला. रक्ताच्या थेंबांवरून माग काढायचा, आणि थेंब दिसेनासे झाले की शेवटच्या थेंबावर पान ठेवून वर दगड ठेवायचा, ही तिकडची रीत. पुढचा शोध तिथूनच सुरू होतो. ओढ्याशी माग तुटला. बाळकूने दगड ठेवला आणि तो ओढ्याच्या वरच्या अंगाला शोधत गेला.

परत आला तर तिथे गावचे विश्रामराव खोत आपल्या गड्यांसह उभे. खांद्यावर विलायती रायफल.

"काय रे बाळक्या, इथं कुठला देव बसवलास?" असे म्हणत त्यांनी पायाने तो दगड उडवला. "जनावर जखमी करून घालवलंस होय? आमच्या गोळीचं जनावर आजवर सुटलेलं नाही. तू आपली गोफण वापर!"

गडी हसले. तेवढ्यात परतीच्या पावसाची जबरदस्त सर आली, आणि उरलासुरला मागही वाहून गेला.

बाळकू भिजल्या अंगानेच पडवीत आला.

"महाराज, मटणाचं मला काही नाही. पण ते कुठं तरी तडफडत असंल. माझ्या हातानं झालं हे."

महाराज म्हणाले, "मग अर्धे काम टाकून इथे कसा आलास?"

"माग धुऊन गेला, महाराज."

"पाऊस काही परका नाही, बाळकू. तोही आपलाच आहे. ऊठ. जनावर सापडेपर्यंत पाठ फिरवू नकोस." एवढे बोलून महाराजांनी आपला कमंडलू भरून त्याच्या हाती दिला.

खोतांच्या कानावर हे गेले. "धुतलेलं रक्त गोसावी पुन्हा शिंपडणार वाटतं! चला, बघू तरी," म्हणत तेही ओढ्याशी आले.

आणि काय सांगावे! सारा कातळ पाण्याने लखलखत होता, पण त्यावर एक थेंब होता, ताजा, लाल. वरून पाणी वाहत होते आणि थेंब हलत नव्हता. बाळकूने हात जोडले, त्यावर पान ठेवले, दगड ठेवला. चार हातांवर दुसरा थेंब. मग तिसरा. गडी वाकून बघू लागले. खोतांनी एका थेंबावर बूट घासून पाहिला. थेंब तसाच.

दुपार कलली. वाट खडकाळ होती, बाळकूच्या टाचा फुटल्या.

"पुरे कर रे आता," खोत धापा टाकत म्हणाले.

"खोत, तुम्ही फिरा माघारी. मला फिरता येत नाही."

अखेर कारवीच्या जाळीत सांबर सापडले. मान टाकून पडले होते, डोळे उघडे. बाळकूने त्याच्या तोंडात कमंडलूतले पाणी सोडले. ते दोन घोट प्याले. मग एक लांब श्वास सोडून शांत झाले.

बाळकू रडत त्याच्या अंगावरून हात फिरवू लागला, तो पुढच्या खांद्यापाशी थांबला. तिथे दुसरी जखम होती, जुनी, पार सडलेली. बोटाने दाबताच आतून गोळी बाहेर आली. तांब्याचे वेष्टण असलेली. सगळ्या पंचक्रोशीत तसली गोळी एकाच रायफलीची.

खोतांचा चेहरा उतरला. आषाढात त्यांनी एका सांबरावर गोळी झाडली होती. जनावर पलीकडच्या गावात पडले आणि तिथल्या लोकांनी वाटून घेतले, असे ते सर्वांना सांगत. पाहायला मात्र ते गेलेच नव्हते. तीन महिने ते मुके जनावर खांद्यात गोळी घेऊन फिरत होते. डोंगर चढवेना, म्हणून नाचणीत उतरले होते.

बाळकूने ती गोळी खोतांच्या हातावर ठेवली.

दिवस मावळायच्या आत खोत पडवीपुढे येऊन उभे राहिले. गोळी अजून मुठीतच होती.

"महाराज, हे एक जनावर सापडलं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू, अशी आणखीही आहेत."

"किती?"

"मोजली नाहीत. शोधलीच नाहीत."

महाराज शांतपणे म्हणाले, "उद्यापासून शोधा. जिवंत असतील त्यांना पाणी द्या, नसतील त्यांना माती द्या. माग काढायचा कसा, ते बाळकू शिकवील."

खोतांनी पागोटे उतरवले. आधी महाराजांच्या पायांवर त्यांनी मस्तक ठेवले. मग वळले आणि फुटक्या टाचांनी अंगणात उभ्या असलेल्या बाळकूपुढे, सगळ्या गड्यांदेखत, चिखलात गुडघे टेकून वाकले.